पेशंट मीच आहे

धाकटी साडेतीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. 2023 चा मार्च. अर्चनाची पाळी नऊ दिवस पुढे गेली होती.

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. दुधाचा खाडा, गॅसची टाकी लावल्याची तारीख, नळाला पाणी आलेले दिवस, सगळं त्याच्यावर. पाळीच्या तारखेला अर्चना लाल पेनानं गोल करते. त्या महिन्यात 4 तारखेच्या आसपास गोल पाहिजे होता, तो नव्हता. रोज सकाळी चहा टाकताना ती त्या पानाकडं बघायची आणि मी तिच्याकडं. बोलायचं कुणीच नाही. फेब्रुवारीत एकदा निरोध फाटला होता, ते दोघांच्याही डोक्यात होतं.

दहाव्या दिवशी मी तपासणीची पट्टी आणली. गल्लीतल्या मेडिकलवाल्याला आमचं अख्खं घर ओळखतं, म्हणून मुद्दाम पार्क चौकापर्यंत गेलो. पट्टीवर एकच रेघ आली. तरी विश्वास बसेना. आणखी दोन दिवसांनी पाळी आली, तेव्हा अर्चना बाथरूममधून बाहेर येऊन नुसती पाटावर बसून राहिली. मग म्हणाली, "हे असं पाळी जाईपर्यंत चालणार का? अजून पंधरा वर्षं?"

तिसरं नको हे आमचं कधीच ठरलेलं होतं. दोन मुली आहेत, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघतो, पगारात एवढंच बसतं. पण तिसरं कसं होऊ द्यायचं नाही, ते काही ठरलं नव्हतं. ते आम्ही महिन्यामहिन्याला ढकलत होतो.

खरं तर ऑपरेशन दुसऱ्या सिझरच्या वेळीच उरकायचं होतं. आमच्याकडं रीतच ती. पोट उघडलेलंच असतं, तेव्हाच नळ्या बांधून घ्यायच्या. अर्चनाची फॉर्मवर सहीसुद्धा झाली होती. पण धाकटी आठव्या महिन्यातच झाली, दीड किलोची, आणि तिला काचेत ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर येऊन म्हणाल्या, "बाळाचं कसं होतंय ते बघू. आत्ता कायमचं काही नको." त्या वाक्याचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही. रात्री बाकड्यावर पडल्यावर शिरला. सव्वीस दिवसांनी पोरगी घरी आली. आता ती इतकी बोलते की शेजारीण तिला रेडिओ म्हणते.

मग तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवली. दहा वर्षं टिकणारी, सरकारी दवाखान्यात फुकट. तांबी वाईट नाही, हे आधीच सांगतो. माझ्या मेहुणीला सात वर्षांपासून आहे, ती विसरूनही गेलीय. अर्चनाला मात्र मानवली नाही. चार दिवसांची पाळी आठ दिवसांवर गेली, जिना चढताना धाप लागायला लागली, हिमोग्लोबिन 8.6 वर आलं. चौदा महिन्यांनी काढून टाकली. आशाताईंनी 'छाया'च्या गोळ्या दिल्या. ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढं आठवड्यातून एकदा घ्यायची. ऐकायला किती सोपं! पण रोजची गोळी माणसाच्या लक्षात राहते, आठवड्याची राहत नाही. दोन मुलींचे डबे, आईचं बीपीचं औषध आणि पाण्याची वाट बघणं, यात रविवार कधी येऊन गेला ते अर्चनाला सोमवारी कळायचं. म्हणून शेवटी निरोध. आणि निरोध फाटला.

त्या बारा दिवसांनंतर आम्ही परत त्याच डॉक्टरीणबाईंकडं गेलो. आधी त्यांनी झापलं. "फाटला त्याच दिवशी का नाही आलात? 72 तासांच्या आत घ्यायची गोळी असते, मेडिकलमध्ये मिळते. जितक्या लवकर घ्याल तितकी बरी." आम्हाला माहीतच नव्हतं असं नाही. त्या रात्री सुचलं नाही, एवढंच.

मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहायला घेतलं. पहिलं, 'अंतरा'चं इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. पाळी अनियमित होऊ शकते, कधी बंदच होते, त्यानं अपाय नाही, पण आधीपासून माहीत असलेलं बरं. हे ऐकताच अर्चनाचा चेहरा पडला. पाळी आली नाही की तिला काय होतं ते आम्ही नुकतंच भोगलं होतं. दुसरं, हार्मोनची तांबी. तिच्यानं रक्तस्राव उलट कमी होतो, पण खर्च काही हजारांचा. अर्चना खर्चाच्या आधीच म्हणाली, "माझ्या पिशवीत आता काही ठेवायचं नाही, बाई." तिसरं, तिचं ऑपरेशन, टाक्याचं नाहीतर दुर्बिणीचं. दोन सिझर झालेत, आत चिकटलेलं असू शकतं, म्हणून भूल आणि दुर्बीण सगळं जपून करायला लागेल. त्याआधी लोहाच्या गोळ्या घेऊन रक्त वाढवायचं.

"आणि चौथा रस्ता यांचा," त्या म्हणाल्या. हे बोलतानाही त्या अर्चनाकडंच बघत होत्या, माझ्याकडं नाही. नवऱ्याकडं बघून हा विषय काढला की नवरा गाडी लावलीय ती बघायला बाहेर जातो, असा त्यांचा अनुभव असावा. मी बाहेर गेलो नाही, पण बोललोही नाही. घरी येताना रिक्षात अर्चना म्हणाली, "दिवाळीनंतर करून घेते मी. तोवर रक्त वाढेल." मी बरं म्हणालो.

त्या 'बरं'ची मला अजून लाज वाटते. पुढं आठ महिने मी तेच 'बरं' चालू ठेवलं.

या आठ महिन्यांत मी काहीच केलं नाही असं नाही. रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर वाचायचो. बायकोच्या ऑपरेशनबद्दल नव्हे, स्वतःच्या. म्हणजे मनात ते होतंच. माझ्या भीतीला नाव द्यायचं तर अशक्तपणा. आमच्या कारखान्यात कुणाचं हे ऑपरेशन झालं की त्याला जन्मभर हलकं काम, असं सर्रास बोललं जातं. गाठी उचलायच्या नाहीत, सायकल मारायची नाही, आणि बाकीचं तर सोडूनच द्या. वाचल्यावर कळलं की वृषणांचं काम दुहेरी आहे. पुरुषपणाचं हार्मोन थेट रक्तात जातं, त्याचा त्या नळीशी संबंध नाही. नळीतून फक्त शुक्राणू जातात. ती बांधली तर हार्मोन तसंच राहतं, इच्छा तशीच राहते. वीर्यही जवळपास तेवढंच येतं, कारण त्यातला फार थोडा भाग शुक्राणूंचा असतो, बाकीचं पुढच्या ग्रंथींमधून येतं. तयार झालेले शुक्राणू शरीरातच जिरतात. हे मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी वाचलं, आणि तीनही वेळा वाचून मोबाइल उलटा ठेवून झोपलो. कळणं आणि उठून जाणं यांत अंतर राहिलंच.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडाही तेव्हाच वाचला. देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींनी स्वतःची नसबंदी करून घेतलेली. ज्यांच्या नवऱ्यानं करून घेतलीय अशा 0.3 टक्के. मी हे वाचून काय करावं? मला बरं वाटलं. आपण एकटेच नाही, असं.

दिवाळी झाली. दोन दिवसांनी किराण्याची यादी काढायला मी अर्चनाची वही उघडली, तर आत वेगळीच यादी. वर लिहिलेलं 'ऑपरेशन'. खाली: आईला (म्हणजे तिच्या) पंढरपूरहून बोलावणे, दहा दिवस. पाणी भरणे, शेजारच्या काकूंचा मुलगा. थोरलीचा डबा, आई. धाकटीला अंगणवाडीत सोडणे, काकू. भांडी, बाई लावणे, महिन्यापुरती. कपडे, वहिनी. असं पानभर. माझं नाव त्यात एकदाच होतं, सगळ्यात शेवटी: दवाखान्यात सोडायला.

मी वही जागेवर ठेवली. त्या रात्री तिला म्हणालो, तू नको, मी करून घेतो. ती लगेच खूश वगैरे झाली नाही. आधी विचारलं, "कुणी काही बोललं का?" मग, "मला बरं वाटावं म्हणून म्हणत असाल तर नको. नंतर दुखलं-खुपलं तर माझ्यावर येईल." अर्धा तास आम्ही उलटसुलट भांडलो. ती म्हणायची माझंच सोपं, मी म्हणायचो माझंच सोपं. एवढ्या वर्षांत असं भांडण पहिल्यांदाच झालं.

21 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर दरवर्षी पुरुष नसबंदी पंधरवडा असतो. बोर्ड लागतात, आशाताई घरोघर सांगत फिरतात. मी आमच्या आशाताईंना फोन केला, तर त्या आधी गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "दादा, खरंच ना? मागच्या वर्षी मला एकपण मिळाला नव्हता." त्यांनी आरोग्य केंद्राचं नाव सांगितलं, यायची वेळ सांगितली.

केंद्रावर खिडकीशी बसलेल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पेशंट कुठंय?"

"मीच आहे."

"बायकोला आणा. तिची सही, तिचा आधार, रक्त तपासायचं असतं."

"ऑपरेशन माझं आहे."

आता त्यानं मान वर केली. मागं रांगेत बाया होत्या, कडेवर पोरं घेतलेल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. त्या माणसानं शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मोठ्यानं हाक मारून "मॅडम, जेंट्स आलाय नसबंदीला" असं सांगितलं, तेव्हा हॉलमध्ये ज्यांना ऐकू गेलं नव्हतं त्यांनाही कळलं. माझे कान गरम झाले होते. मी निघूनही गेलो असतो. पण समुपदेशन करणाऱ्या ताई चटकन उठून आल्या आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, ते बरं झालं.

ही आतली खोली मला ऑपरेशनच्या खोलीपेक्षा जास्त आठवते. ताई चाळिशीच्या, बोलण्यात कन्नड हेल. त्यांनी आधी माझं वय विचारलं, मुली किती, धाकटी किती वर्षांची. निदान एक मूल एक वर्षावरचं असायला लागतं, तो नियम आहे. मग म्हणाल्या, "दादा, आता काही वाईट प्रश्न विचारते. रागवायचं नाही. मुलींना उद्या काही झालं तर?"

मला काचेच्या पेटीतली धाकटी दिसली. हाताएवढी, नाकात नळी. मी म्हणालो, तरीही नको. आवाज नीट निघाला नाही. त्या थांबल्या. मग दुसरा प्रश्न, "बायकोला काही झालं, तुमचं दुसरं लग्न झालं, तिला मूल पाहिजे असलं तर?" मग तिसरा, "घरचे मुलगा पाहिजे म्हणून मागं लागतील. तेव्हा बायकोला दोष द्याल का?" तिसऱ्याला मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नळी परत जोडायचं ऑपरेशन असतं. पण जोडली तरी मूल होईलच असं नाही. म्हणून हे कायमचं समजूनच करायचं. चार वर्षांनी बघू म्हणणाऱ्याला मी परत पाठवते, त्याला दुसरं साधन देते."

फॉर्म मराठीत होता. त्यांनी एकेक ओळ वाचून दाखवली. कुणाच्या दबावाखाली करत नाही. दुसरी साधनं मला सांगितली आहेत. क्वचित अपयश येऊ शकतं, आणि आलं तर लगेच कळवायचं, त्याला नुकसानभरपाईची योजना आहे. ऑपरेशन होईपर्यंत कोणत्याही क्षणी नाही म्हणता येतं, नाही म्हटलं म्हणून पुढं कुठली सेवा बंद होत नाही. बायकोची सही लागत नाही. हे शेवटचं मला नवीन होतं. खिडकीवरच्या माणसालाही नवीनच असणार. ताईंनी आणखी एक बजावलं: यानं मूल राहणं थांबतं, रोग थांबत नाहीत. त्याच्यासाठी निरोधच.

रक्त, लघवी, बीपी तपासलं. ऑपरेशन 28 तारखेला ठरलं. सूचना एवढ्याच: आदल्या दिवशी तिथले केस काढायचे, आंघोळ करून यायचं, सकाळी हलकं खायचं, सोबत कुणीतरी आणायचं आणि घट्ट अंडरवेअर आणायची. मी सोबत अर्चनाला नेलं. तिनं वहीत नवी यादी केली होती का, ते मी विचारलं नाही.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. खोली उबदार ठेवलेली होती. डॉक्टर म्हणाले, थंडीनं सगळं आकसतं, मग नळी हाताला लागत नाही. त्यांनी कातडीवरूनच बोटांनी नळी चाचपून पकडली आणि भुलीचं इंजेक्शन दिलं. ते झोंबलं, पाच-सहा सेकंद. त्यानंतर कापल्यासारखं काही नाही. मात्र नळी बाहेर ओढतात तेव्हा ओटीपोटात एक विचित्र ओढ बसते, कुणीतरी आतून दोरी खेचतंय अशी. ती कुणी आधी सांगितली असती तर मी कमी घाबरलो असतो, म्हणून इथं सांगतोय. पद्धत बिनटाक्याची. टोकदार चिमट्यानं एकच बारीक भोक पाडायचं, त्यातूनच दोन्ही बाजूंच्या नळ्या एकेक करून बाहेर घ्यायच्या, थोडा तुकडा काढून टोकं बांधायची, परत आत सोडायची. चीनमधल्या ली शुनचियांग नावाच्या डॉक्टरांनी 1974 मध्ये ही पद्धत काढली. आमचे डॉक्टर हे सगळं बोलत बोलतच करत होते. मध्येच त्यांनी मला विचारलं, कुठं कामाला? टॉवेलचा कारखाना म्हटल्यावर म्हणाले, "मग गाठ कशी मारतात तुम्हाला माहितीच असेल." बाहेर आलो तेव्हा घड्याळात वीसएक मिनिटं झाली होती. अर्चनानं घरून भाकरी आणि शेंगाची चटणी आणली होती. आपल्या नंबराची वाट बघत बाहेर बसलेल्या दुसऱ्या एका माणसाला मी त्यातली अर्धी भाकरी दिली. त्यानं ती नको नको म्हणत खाऊन टाकली.

घरी रिक्षानं. रिक्षावाल्याला खड्डे चुकव म्हणालो तर तो म्हणाला, "साहेब, सोलापुरात खड्डे चुकवायचे म्हणजे पुण्याला जावं लागंल."

आईला आम्ही काही सांगितलं नव्हतं. हर्नियासारखं किरकोळ काहीतरी आहे, दोन दिवस आराम सांगितलाय, एवढंच. हे खोटं चार दिवस टिकलं. चौथ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं. ज्यांना सोलापूर माहीत नाही त्यांना सांगतो, आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येतं. आलं की भरायचं असतं. तेव्हा आजारी माणूससुद्धा उठून बसतो. अर्चना बादल्या उचलत होती, मला बरं वाटत होतं, दुखत काही नव्हतं. डॉक्टरांनी आठवडाभर वजन उचलू नका म्हणून तीनदा सांगितलं होतं. मी दोन घागरी आणि सहा बादल्या गच्चीवर नेल्या.

दुपारी एक बाजू लिंबाएवढी सुजली. संध्याकाळपर्यंत जांभळी झाली. चालताना पाय फाकून चालायला लागलो, आणि आईनं विचारलं, हर्निया असा कुठं असतो? आत्ता दवाखान्यात नेताय का मी जाऊ शेजारी विचारायला? मग अर्चनानं सांगितलं.

डॉक्टरांनी बघितलं, आत थोडं रक्त साकळलंय म्हणाले. घाबरायचं कारण नाही, पण आता खरोखर आठ दिवस पडून राहा. गोळ्या दिल्या, घट्ट अंडरवेअर रात्रीसुद्धा काढू नका म्हणाले. जाताना अर्चनाला म्हणाले, "यांना बादलीपासून लांब ठेवा." सूज उतरायला दहा-बारा दिवस लागले. यात चूक ऑपरेशनची नव्हती, माझी होती.

घरी आई बोलत नव्हती. रात्री जेवताना एकदम म्हणाली, "बायकोसाठी अंग कापून घेतलंस." आणि अर्चनाकडं बघून, "तुझं व्हायला काय झालं होतं?"

अर्चना कधी उलट बोलत नाही. ताट तसंच ठेवून म्हणाली, "आई, माझं पोट दोनदा कापलं. तेव्हा तुम्ही बर्फी वाटली होती."

आई उठून गेली. मला वाटलं आता महिनाभर हे चालणार. पण दिवे घालवल्यावर ती माझ्या खाटेशी येऊन बसली, आणि मी कधीच न ऐकलेली गोष्ट सांगायला लागली. तिचं माहेर बार्शी तालुक्यातलं. ती दहा वर्षांची असताना, आणीबाणीत, 1976 च्या जानेवारीत बार्शीला बाजाराला गेलेल्या माणसांना ट्रकात घालून नेऊन नसबंदी केल्याच्या बातम्या गावात आल्या होत्या. तिच्या वडिलांनी बाजाराला जायचंच बंद केलं. कुठल्याही गाडीचा आवाज आला की गावातली माणसं ज्वारीत जाऊन बसायची. एक चुलत चुलता सापडला. त्याला एकच मूल होतं, ते पुढं तापात गेलं. तो माणूस नंतर कुणाच्या लग्नाला गेला नाही. "तुला कुणी नेलं नाही ना?" आईनं विचारलं. "तुझा तू गेलास?"

मी म्हणालो, माझा मी गेलो. तीन-तीनदा विचारलं त्यांनी.

1976-77 मध्ये देशात 60 लाखांहून जास्त पुरुषांची नसबंदी झाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिलं. हे मी नंतर वाचलं. कारखान्यात जे 'अशक्तपणा' म्हणून बोलतात त्याच्या मुळाशी डॉक्टरी काहीच नाही, हे ट्रक आहेत, असं मला आता वाटतं. माणसं ट्रक विसरली, भीती तेवढी राहिली. नळ्या बांधायचं काम मग गुपचूप बायकांकडं गेलं, ते गेलंच.

कारखान्यात माझा मित्र जॉबर आहे, माग दुरुस्त करतो. घरी तेलुगू बोलतो, आमच्याशी सोलापुरी. आठवडाभर रजा का, म्हणून त्यानं खोदून खोदून विचारलं, तेव्हा सांगून टाकलं. "खरं का बे?" म्हणाला. मग बराच वेळ गप्प. मग, "आम्ही दिवसभर तुटलेल्या धाग्याला गाठ मारून जोडायलाव, आणि तू चांगला धागा तोडून गाठ मारून आलास बे." हे वाक्य दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या शेडमध्ये गेलं. चार दिवस चेष्टा झाली. पाचव्या दिवशी नवीन विषय आला.

ऑपरेशन झालं म्हणजे झालं, असं नसतं. पुढचे तीन महिने निरोध वापरायचाच. बांधलेल्या जागेच्या पुढं, नळीत जे शुक्राणू आधीच असतात ते बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. डॉक्टरांनी सोलापूरकराला कळेल अशा भाषेत सांगितलं होतं: "टाकीचा कॉक बंद केला तरी पाइपातलं पाणी नळाला येतंच की." बरीच जोडपी इथंच फसतात म्हणाले. ऑपरेशन फेल गेलं म्हणून येतात, आणि विचारलं तर पहिल्याच महिन्यात निरोध सोडलेला असतो.

जानेवारीत गड्डा आला, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. शोभेच्या दारूकामाच्या रात्री होम मैदानावर आम्ही सगळे गेलो. गर्दीत धाकटीला काही दिसेना, मला खांद्यावर घे म्हणून रडायला लागली. मी खाली बसलो, तिला घेऊन उभा राहिलो. आई शेजारी उभी होती. वर आकाशात काय फुटत होतं त्याच्याकडं तिचं लक्ष नव्हतं, माझ्या पायांकडं होतं. अर्धा तास. घरी जाताना तिनं मला दोन किलो चिक्कीची पिशवी धरायला दिली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वीर्य तपासणी. लॅबवाल्यानं डबी दिली आणि बोट दाखवलं ते एका बाथरूमकडं, ज्याच्या दाराची कडी नीट लागत नव्हती. मी डबी खिशात घालून घरी आलो. तासाभराच्या आत नमुना पोचवायचा असतो, म्हणून मुली शाळेत गेल्यावर आणि आई देवळात गेल्यावरची वेळ साधली, आणि डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून गाडीवरून पळालो. रिपोर्टमध्ये लिहून आलं: एखाद-दुसरा शुक्राणू, हालचाल नाही. मला वाटलं, गेलं सगळं. डॉक्टर म्हणाले, होतं असं, महिन्यानं परत बघू, तोवर निरोध. तो महिना मला आधीच्या तीनांपेक्षा मोठा गेला. कुठंतरी वाटत होतं, हे आता माझ्याकडून काढून परत अर्चनाकडं जाणार.

एप्रिलच्या रिपोर्टमध्ये शुक्राणू आढळले नाहीत. मग प्रमाणपत्र मिळालं. ते हातात पडेपर्यंत ऑपरेशन पूर्ण झालं असं धरायचं नसतं. खात्यावर सरकारी मोबदला आला होता, हजार-दीड हजारांच्या घरातला. त्यातून अर्चनानं पाण्याचा आणखी एक मोठा बॅरल घेतला. मी हसलो तर म्हणाली, "बादल्या गच्चीवर न्यायला नकोत ना आता."

प्रमाणपत्र मुलींच्या लसीकरणाच्या कार्डांबरोबर एकाच प्लास्टिकच्या फाइलीत आहे. तिच्या तांबीचं जुनं कार्डही त्यातच.

परवा अर्चनाला सर्दी-तापासाठी डॉक्टरांकडं नेलं. औषध लिहायच्या आधी त्यांनी सवयीनं विचारलं, शेवटची पाळी कधी आली होती? अर्चना विचार करायला लागली. बोटांवर मोजलं, माझ्याकडं बघितलं. मलाही आठवेना. घरी येऊन कॅलेंडर बघितलं तर दुधाचा खाडा होता, पाण्याचे दिवस होते. दोन महिन्यांत लाल गोल एकही नव्हता.